कुटुंबवत्सल माणसाने कॅमेरा कसा घ्यावा

नवा कॅमेरा घेण्याचा विचार मनात आला की निदान पंधरा दिवस तो घरात कोणाला कळू देऊ नये. कळला की चर्चा होते, चर्चा झाली की "मोबाइल आहे की" हे वाक्य येते, आणि या वाक्याला उत्तर नाही. कारण मोबाइल खरोखरच आहे. घरात माणशी एक आहे, आजीचा धरून. तेव्हा इच्छुकाने आधी कारण तयार करावे, मग तोंड उघडावे.

'मला हौस आहे' हे कारण नव्हे, तो कबुलीजबाब झाला. 'निसर्ग टिपायचा आहे' असे सांगितले तर आपला निसर्ग बाल्कनीतल्या कुंड्यांपुरता आहे आणि त्यांना पाणी कोण घालते, हा विषय निघतो. कोणत्याही घरात चालणारे कारण एकच: मुलाचे गॅदरिंग. मूल झाड झालेले असते. स्टेजवर अशी नऊ झाडे असतात. गेल्या वर्षी मागच्या रांगेतून मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ रविवारी जेवणानंतर टीव्हीवर लावावा. "यातलं आपलं कुठलं गं?" असे आजीने सुनेला विचारले आणि सुनेलाही पटकन सांगता आले नाही, की प्रस्ताव तत्त्वतः मंजूर झाला असे समजावे.

या कारणात तथ्यही आहे, हा निव्वळ योगायोग. मोबाइलच्या पडद्यावर दोन बोटांनी चित्र ताणले की एका मर्यादेपुढे फोन नुसता मधला तुकडा कापून मोठा करून दाखवतो. कॅमेऱ्याच्या झूम लेन्समध्ये भिंगे सरकतात आणि झाड खरोखर जवळ येते. मात्र त्यासाठी लागणारी २०० ते २५० मिमीची लेन्स कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या १८-५५ च्या किटमध्ये नसते, ती वेगळी घ्यावी लागते, हे प्रस्तावात लिहू नये.

सल्लागार मंडळ

बातमी फुटली की सल्लागार आपोआप नेमले जातात. त्यांत मेहुणा प्रमुख. मेहुण्याचा सल्ला सगळ्या महाराष्ट्रात एकच असतो: "घेतोच आहेस तर फुल फ्रेम घे." फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिमीचा सेन्सर, जुन्या ३५ मिमीच्या रोलवरच्या एका चौकटीएवढा. सामान्य माणसाच्या कॅमेऱ्यात असतो तो एपीएस-सी, साधारण २३.५ बाय १५.६ मिमी, कॅननचा त्याहून किंचित लहान. मोठ्या सेन्सरवर जास्त प्रकाश पडतो आणि अंधारात फोटो स्वच्छ येतो, एवढे मेहुण्याचे बरोबर आहे. सेन्सर मोठा की लेन्स मोठी, लेन्स मोठी की बॅग मोठी, हे तो सांगत नाही. चांगल्या झूम लेन्ससकट असा ऐवज दीड किलोच्या घरात जातो आणि महाबळेश्वरला तो तुमच्या खांद्यावर असताना मेहुणा स्ट्रॉबेरी क्रीम खात असतो.

भाच्याला मेगापिक्सेल हवे असतात. त्याच्याशी वाद घालू नये, हिशेब मांडावा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा. तो 'आपले कुटुंब' या ग्रुपवर नेहमीच्या पद्धतीने टाकला की व्हॉट्सअ‍ॅप त्याची लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर आणते, म्हणजे उरले दोन मेगापिक्सेलहून कमी. अल्बमसाठी चार बाय सहा इंचांची उत्तम प्रत काढायलाही दोनच्या आसपास पुरतात. उरलेले बावीस कशासाठी घेतले, हा प्रश्न भाच्याला विचारून आपण चहाला उठावे. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी जो पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तो १०० बाय १०० ठिपक्यांचा होता आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत. एकत्र कुटुंबाला हाच कॅमेरा योग्य होता असे माझे मत आहे. "दाखव बघू, माझे डोळे मिटलेत, पुन्हा काढ" असे म्हणायचा धीर कोणाला झाला नसता.

मंडळात कामाचा माणूस एकच, आणि त्याला कोणी विचारत नाही. ते म्हणजे काका. काकांकडे बडोद्याला बनलेला आग्फा क्लिक थ्री होता. त्यात १२० चा रोल बसे आणि रोलमध्ये बारा फोटो. बारा फोटोंत अष्टविनायक! आठ देवळे आणि उरलेले चार घरच्यांचे, त्यातलाही एक चुकून बोटाचा. त्या कॅमेऱ्यावर फिरवायला जवळपास काहीच नव्हते, म्हणून तो घरात कोणालाही येत असे. काकूंनीही त्याने फोटो काढले आहेत. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

हॉल मोजणे

आता मुख्य तांत्रिक भाग. दुकानात जाण्याआधी सुताराकडून किंवा घरच्या टेपने हॉल मोजून घ्यावा. कॅमेरा घेताना लोक आयएसओ बघतात, शटर बघतात, हॉल बघत नाहीत आणि मग भिंतीला पाठ घासतात.

कारण असे. थोडे वाचलेल्या प्रत्येकाला ५० मिमी, एफ १.८ ही लेन्स घ्यावीशी वाटते. लहान, हलकी, त्या मानाने स्वस्त, आणि मागचे सगळे मऊ, पुसट करून टाकणारी. लेन्स उत्तमच आहे. पण एपीएस-सी कॅमेऱ्यावर ती बरीच अरुंद पाहते. सोफा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उभी माणसे मिळून बारा फूट रुंदीचे कुटुंब तिच्यात मावायला फोटो काढणाऱ्याने सुमारे २६ फूट मागे जायला हवे. टू बीएचकेमधला हॉल पंधरा फुटांचा. म्हणजे इच्छुक स्वयंपाकघरातून ड्राय बाल्कनीत, तिथून ग्रिलबाहेर आणि तिथून शेजारच्या वेलिंगकरांच्या टॉवेलामागे. तेच कुटुंब १८ मिमीवर नऊ-दहा फुटांत बसते. किटची लेन्स म्हणून जिची टिंगल होते, तिला आपल्या घरांची लांबी-रुंदी ठाऊक असावी.

पन्नासच्या लेन्सचा दुसरा धोका कौटुंबिक आहे. एफ १.८ वर दोन मीटर अंतरावरून फोटो काढला तर सुमारे ११ सेंटिमीटर खोलीपुरतेच चित्र नीट उमटते, अर्धी वीत म्हणा. सोफ्यावर बसलेल्या सासूबाई स्पष्ट, आणि सोफ्यामागे हात टेकून उभी असलेली आत्या धूसर. आत्या त्या वेळी काही बोलत नाही. आत्या दिवाळीत बोलते. "आम्ही काय, तुमच्या फोटोत असून नसल्यासारख्या." यावर उपाय म्हणजे एफ ८ ठेवावा. खोली सुमारे अर्ध्या मीटरवर जाते आणि तेवढ्यात आत्या मावते. मात्र एफचा आकडा वाढून लेन्सचे छिद्र लहान झाले की प्रकाश कमी येतो. खिडकीचा पडदा सरकवावा आणि मंडळींना खिडकीकडे तोंड करून बसवावे. लोक खिडकीकडे पाठ करून बसतात, कारण समोर टीव्ही असतो.

बोरन्हाण चाचणी

परदेशी परीक्षक कॅमेऱ्याची चाचणी विटांच्या भिंतीवर आणि धावत्या कुत्र्यावर घेतात. आपल्याकडे त्याहून कठीण परीक्षा संक्रांतीत आयतीच होते. संध्याकाळची वेळ, एक ट्यूबलाइट, पाटावर काळे झबले आणि हलव्याचे दागिने घातलेले मूल, आणि वरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या. या एका प्रसंगात छायाचित्रणातल्या सगळ्या अडचणी एकत्र आलेल्या असतात, वर मूल रडत असते.

मीटरभर उंचीवरून सोडलेले बोर खाली येईपर्यंत सेकंदाला चार मीटरहून अधिक वेग घेते. शटर एक साठांश सेकंद उघडे राहिले तर तेवढ्यात बोर सात सेंटिमीटर सरकते आणि फोटोत पडवळ दिसते. एक पाचशेअंश केले तर सरक सेंटिमीटरच्या आत येते आणि बोराचे बोर राहते. पण ट्यूबलाइटच्या उजेडात एवढे वेगवान शटर ठेवायचे, तर किटच्या लेन्सवर आयएसओ ६४०० आणि त्याही पुढे न्यावा लागतो, आणि मग फोटोवर रवा सांडल्यासारखे कण दिसतात. दिसू द्यावेत. रवाळ पण ओळखू येणारे मूल हे स्वच्छ पण हललेल्या मुलापेक्षा आजीला केव्हाही चालते.

काळ्या झबल्याची गोम वेगळी. समोर बरेच काळे दिसले की कॅमेऱ्याला वाटते अंधार आहे, आणि तो चित्र उजळवायला जातो. त्यात झबले राखाडी होते आणि हलव्याचा प्रत्येक काटा पांढऱ्यात विरघळून जातो. जिने चार रात्री जागून ते दागिने गुंफले, ती मावशी समोरच उभी असते. तेव्हा उजेड-भरपाईचा काटा आधीच उणे एकवर आणून ठेवावा. फ्लॅश मारू नये. त्याने बोरे जागच्या जागी गोठतात, पण मूलही गोठते आणि मग पुढचा अर्धा तास त्याची समजूत घालण्यात जातो.

या चाचणीतून पैसे कशावर खर्चावेत ते कळते. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत डोळा ओळखून त्याच्या मागे फिरणारा ऑटोफोकस असतो. पाटावरून रांगत सुटलेल्या मुलाच्या डोळ्यावर तो चिकटून राहतो. घरगुती माणसाने याच्यासाठी दोन पैसे जास्त मोजावेत. बाकी यादीतल्या बहुतेक गोष्टी मेहुण्यासाठी असतात.

दुकान

मुंबईकरांनी फोर्टातल्या बोरा बाजारात जावे, इतरांनी आपापल्या गावी. संपूर्ण कुटुंब नेऊ नये, पण एकटेही जाऊ नये. बिलाशिवाय दोन-तीन हजार कमी, असे कोणी कानात सांगितले तर वॉरंटीही कानातच राहील हे ओळखावे. किंमत घरी सांगताना ती फक्त कॅमेऱ्याची सांगावी. कार्ड, जादा बॅटरी आणि बॅग या गोष्टी घरात आपोआप आल्या असे भासवावे.

दुकानात कॅमेरा आधी स्वतःच्या नव्हे, बरोबरच्या माणसाच्या हातात द्यावा. बहुधा ती बायको असते आणि ती दोनच गोष्टी बघते. उचलला तर मनगट दुखते का, आणि "अहो, मला फोटो काढायचा असला तर काय दाबायचं?" दुकानदार यावर डायल, मेनू आणि उपमेनू समजावू लागला, तर तो कॅमेरा परत काउंटरवर ठेवावा. बॅटरीसकट पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरणारे मिररलेस कॅमेरे मिळतात आणि त्यांच्यावर 'ऑटो' नावाचा, कोणतीही लाज न बाळगता वापरण्याचा पर्याय असतो.

ठेवण्याची जागा

बहुतेक कॅमेरे या पायरीला मरतात. नवा कॅमेरा मूळ खोक्यात, खोके बॅगेत, बॅग पिशवीत, आणि पिशवी लोखंडी कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात पैठण्यांच्या मागे ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मूल आजोबांचा चष्मा लावून वर्तमानपत्र वाचू लागले, की किल्ली शोधा, स्टूल आणा, पैठण्या उतरवा. तोवर मुलाने चष्मा मोडलेला असतो. शिवाय मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात अशा बंद, अंधाऱ्या, ओलसर जागी लेन्सला फंगस लागतो, आणि चामड्याचे सुंदर कव्हर ओल धरून त्याला मदत करते. हवेतला ओलावा चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिला तर लेन्स सुखी असते. त्यासाठी महागडे ड्राय कॅबिनेट मिळते, पण घट्ट झाकणाचा एक मोठा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यानेही काम भागते. डबा स्वयंपाकघरातून परस्पर उचलू नये. कोणता डबा कशाचा, याबाबत घरातले नियम कॅमेऱ्याच्या मेनूपेक्षा गुंतागुंतीचे असतात. रीतसर मागून घ्यावा.

हा डबा हाताच्या उंचीवर, गाडीच्या किल्ल्या जिथे असतात तिथे ठेवावा, आणि घरात "हात लावू नकोस" हे वाक्य त्याच्या बाबतीत बंद करावे. हे इच्छुकाला जड जाते. काटकसरीने जमवलेल्या पैशांतून आणलेली वस्तू सात वर्षांच्या मुलाच्या हातात द्यायची म्हणजे काय? पट्टा मुलाच्या गळ्यात अडकवून द्यायची. त्याच्या फोटोंत पंखा येईल, स्वतःचे पाय येतील, आजीची हनुवटी खालून येईल. येऊ द्यावी.

याला एक सरळ स्वार्थी कारणही आहे. जो एकटाच कॅमेरा वापरतो, तो अल्बममध्ये नसतो. दहा वर्षांनी मुलगी विचारते, "बाबा, तेव्हा तुम्ही कुठे होतात?" सेल्फ टायमर हा यावरचा उपाय सांगितला जातो. त्यात दहा सेकंद मिळतात. त्या अवधीत टीपॉय ओलांडायचा, सोफ्यावर जागा करून घ्यायची, पोट आत घ्यायचे आणि नैसर्गिक हसायचे असते. बहुतेक फोटोंत बाबा यातल्या दुसऱ्या टप्प्यावर आढळतात.

त्यापेक्षा कॅमेरा आजीला द्यावा. ऑटोवर ठेवावा, पट्टा गळ्यात घालावा आणि बटण दाखवून निमूट आपल्या जागी जाऊन बसावे. सूचना देऊ नयेत. आजी बटण सर्व ताकदीने, श्वास रोखून दाबते, म्हणून थरथर सांभाळणारी सोय कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये असेल तर चालू ठेवावी. फोटोत सगळे कुटुंब डाव्या कोपऱ्यात गोळा होईल आणि उजवीकडे शोकेस आणि कॅलेंडर निवांत दिसतील. तो फोटो खोडू नये. आजी दर पाहुण्याला विचारणार आहे, "मी काढलेला पाहिलात का?", आणि त्या वेळी तो दोन मिनिटांत सापडला पाहिजे.