कोलाडला रीतसर भिजण्याची पद्धत

कोलाडची कुंडलिका सकाळी सोडतात, त्यामुळे तुम्हालाही सकाळीच उठावं लागेल. ऋषिकेशला गंगा दिवसभर वाहते. तिथे निवांत चहा घेऊन, हॉटेलवाल्याशी हुज्जत घालून दुपारी राफ्टमध्ये बसलं तरी बिघडत नाही. रायगड जिल्ह्यात तसं नाही. इथे नदी चाळीतल्या नळासारखी वेळेवर येते आणि वेळेवर जाते. डुलत डुलत साडेअकराला पोहोचलात, तर तुम्ही आगाऊ भरलेल्या पैशांसकट पाणी रोह्याकडे निघून गेलेलं असेल.

हे पाणी मुळात इथलं नव्हेच, ते मुळेचं आहे. मुळशीला अडवलेली मुळा नदी आपल्या मनाने गेली असती, तर पुण्यात मुठेला भेटली असती, भीमेत मिसळून पंढरपूरला चंद्रभागा झाली असती आणि शेवटी कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात पोहोचली असती. टाटांनी तिला सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला वळवली आणि सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरवली. हे वीजघर १९२७ साली सुरू झालं. भिऱ्याला चाकं फिरवून झाली की तेच पाणी रवाळजेला आणखी एका वीजघरात राबतं आणि मग कुंडलिकेच्या पात्रात मोकळं होतं. म्हणजे पंढरीच्या वाटेवरचं पाणी तुम्हाला रेवदंड्याच्या खाडीकडे जाताना गाठ पडतं. भर उन्हाळ्यात, आजूबाजूच्या ओढ्यांत टिपूस नसताना, इथे राफ्टिंग चालतं ते यामुळे.

याच धरणाविरुद्ध मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला होता. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते त्या लढ्यात. लढा हरला, गावं पाण्याखाली गेली. राफ्टवर हा विषय काढू नका, कोणी ऐकण्याच्या अवस्थेत नसतं. पण पुण्याहून ताम्हिणी घाटाने येणार असाल, तर मुळशीचा जलाशय दिसल्यावर सेल्फीसाठी गाडी थांबतेच, तेव्हा दोन मिनिटं जास्त थांबायला हरकत नाही.

सांगायचा मुद्दा असा, की इथली नदी सांगितल्याप्रमाणे वागते. प्रश्न प्रवाशांचा असतो.

निघण्यापूर्वी

मुंबईकडून येणाऱ्यांसाठी मुंबई-गोवा महामार्ग आहे. त्याच्या रुंदीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. या रस्त्याने पावसाळ्यात आलेल्या माणसाला तोल सांभाळण्याचं वेगळं प्रशिक्षण द्यावं लागत नाही. रेल्वेने यायचं तर रोहा सोडल्यावर कोकण रेल्वेचं पहिलं स्टेशन कोलाडच. मात्र थांबणाऱ्या गाड्या मोजक्या, तेव्हा वेळापत्रक आधी बघा.

जीन्स घालून येऊ नका. ओली जीन्स दिवसभर वाळत नाही आणि पाण्यात पाय जड करते. तरीही दर ग्रुपमध्ये एक जण जीन्समध्ये येतोच, आणि "मला सवय आहे" असं सांगतो. कशाची सवय, हे विचारू नका. पायांत मागे पट्टा असलेले सँडल घाला. साध्या चपला पहिल्या धक्क्याला तुमच्याआधी समुद्राकडे रवाना होतात. चष्मा असेल तर त्याला मागून दोरी बांधा. अंगठी, साखळी, मंगळसूत्र गाडीतच ठेवलेलं बरं. मोबाइल नेऊ नका. "वॉटरप्रूफ आहे" हे खरं असेल, पण वॉटरप्रूफ वस्तू बुडत नाही असं कंपनीने कुठेही म्हटलेलं नाही.

गाडीची किल्ली हा सर्वांत गंभीर विषय आणि त्यावर कोणीच विचार केलेला नसतो. जिथे राफ्टमध्ये बसता तिथे उतरत नाही. बारा-चौदा किलोमीटर खाली उतरता. किल्ली खिशात ठेवली तर ती नदीची झाली, झाडाखाली लपवली तर ती माकडांची झाली. कॅम्पवर कोणाच्या तरी हातात द्या आणि कोणाच्या दिली, ते कुटुंबातल्या दोघांना सांगून ठेवा.

नाश्त्याला पोहे खा. मिसळ खाऊ नका. हा सल्ला कोणी मानत नाही, म्हणून इथे फक्त नोंदवून ठेवतो.

मग एक कागद सहीला येतो. होणाऱ्या सर्व गोष्टींना तुम्ही स्वतः जबाबदार आहात, असं त्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस तीनदा वाचून तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढणारे गृहस्थ हा कागद न वाचता सही करतात. तुम्ही वाचा. दमा, हृदयविकार, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण असं काही असेल तर ते सांगायची जागा हीच आहे, पाण्यात उतरल्यानंतरची नव्हे.

जॅकेट आणि हेल्मेट

लाइफ जॅकेट सैल बरं वाटतं, म्हणून ते सैल ठेवायचं नसतं. गाइड समोर उभा राहून सगळी बकलं आवळतो, मग तुमच्या खांद्यांवरचे दोन्ही पट्टे धरून तुम्हाला वर खेचतो. जॅकेट कानापर्यंत आलं तर पुन्हा आवळतो. या वेळी पोट आत घेऊन फसवू नका. श्वास सोडल्यावर तुम्हाला जमिनीवर बरं वाटेल, पण पाण्यात जॅकेट तरंगेल आणि तुम्ही त्याच्यातून खाली सरकाल. हेल्मेट तुमच्याआधी पुष्कळांनी घातलेलं आहे आणि ते तसा वासही देतं. त्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट हवा. कपाळ उघडं टाकून फोटोत छान दिसेल अशा कोनात ते मागे सरकवलं, तर नेमकं कपाळच दगडाला दाखवल्यासारखं होतं.

"पोहता येत नाही, चालेल ना?" हा प्रश्न प्रत्येक जण एकट्याने, बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारतो. चालतं. निम्म्या राफ्टला येत नसतं.

बसण्याची व्यवस्था

राफ्टमध्ये बसायचं म्हणजे राफ्टच्या आत बसायचं नाही. कडेचा जो जाड फुगवलेला घेर असतो, त्यावर बसायचं, बाहेरची मांडी जवळजवळ पाण्यावर. हे ऐकून सगळे हसतात आणि नंतर हळूहळू आत सरकत जातात. कडेला दोर असतो, पण तो हाताने धरायचा नसतो. जे काही धरायचं ते पायांनी. आत आडवे फुगवलेले ठोकळे असतात, त्यांच्या खाली पाऊल घट्ट खुपसा. पुढे बसणाऱ्यांना पाऊल अडकवायला जमिनीवर चिकटवलेली खोळ असते.

सर्वांत पुढे दोघं बसतात. त्यांच्या पॅडलची लय बाकीच्यांनी धरायची असते आणि पहिली लाट त्यांच्याच तोंडावर येते. हा मान जावईबापूंना द्यावा, अशी पद्धत आहे. ऑफिसची सहल असेल तर साहेबांना. गाइड सर्वांत मागे बसतो, जिथून सगळ्यांच्या चुका एकत्र दिसतात.

पॅडलच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते. एका हाताचा तळवा तिच्यावर कायम पाहिजे. शेजाऱ्याचा दात पडला तर तो पाण्यामुळे पडत नाही, तुमच्या मोकळ्या सुटलेल्या मुठीमुळे पडतो. नात्यातला दात असेल तर प्रकरण वाढतं.

हुकूम

हुकूम पाच-सहाच आहेत: फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, होल्ड, गेट डाउन. शांत पाण्यात सराव होतो आणि तो सर्वांना जमतो. अडचण अशी, की आपली माणसं हुकूम ऐकताना त्यावर विचारही करतात. "आत्ता फॉरवर्ड कशाला? थोडं डावीकडून गेलं असतं तर?" हा प्रश्न मधल्या रांगेतून येतो. उजवीकडची बाजू सहमत होते. चर्चा पुरी होईपर्यंत राफ्ट तिरकी होऊन दगडावर टेकलेली असते. मराठी माणसाला एकाच्या सांगण्यावरून एकाच वेळी एकच गोष्ट करणं जड जातं, हे आपल्या गृहनिर्माण संस्थांनी सिद्ध केलेलं आहेच. कुंडलिका त्याला फक्त दुजोरा देते.

"सर, फॉरवर्ड," गाइड म्हणतो. सर मागे वळून बघतात.

"काका, फॉरवर्ड!" सर दुखावतात, पण पॅडल मारतात. गाइड तिथलाच, साजे-रवाळजेच्या बाजूचा पोरगा असेल तर तो 'काका'वरच येतो. उत्तराखंडातून किंवा नेपाळमधून आलेला असेल तर 'सर' टिकतं, पण काम उशिरा होतं.

आता मुख्य गोष्ट. पाणी फेसाळायला लागलं, राफ्टचं नाक खाली गेलं, की अंगातली प्रत्येक पेशी सांगते: पॅडल टाक, दोर धर. नेमकं त्याच वेळी मागून "फॉरवर्ड! फॉरवर्ड!" असा आरडाओरडा सुरू होतो. हा छळ नाही. राफ्ट पाण्याच्याच वेगाने वाहत असेल तर तिला वळवता येत नाही. ती पाण्यापेक्षा जलद किंवा हळू चालली तरच गाइडच्या हातात राहते. शिवाय पाण्यात घट्ट रोवलेलं पॅडल तुम्हालाही आधार देतं. हवेत उंच धरलेलं पॅडल कोणालाच काही देत नाही, पण दर दहातले सात जण ते तसंच धरतात आणि ओरडतात.

"काका, दोर नाही, पॅडल!" हे वाक्य अर्ध्या दिवसात पुष्कळदा ऐकू येईल.

प्रवाहांची प्रतवारी १ ते ६ अशी आहे. कोलाडला साधारण २ ते ३, पावसाळ्यात अंक चढतो. पहिल्यांदा येणाऱ्याला एवढं पुरे आहे. सहाव्या प्रतीला तुम्ही फोटोसुद्धा लांबूनच काढावा. पाणी वाचायचं असेल तर पुढे दोन रेघा मिळून टोक कुठे होतं ते बघा. टोक खालच्या दिशेला असेल तर ती वाट. टोक तुमच्याकडे असेल तर तिथे दगड आहे. दगडावरून पाणी पडून जिथे मागे उलटतं, ते 'होल': तिथे राफ्टही अडकते आणि माणूसही. दगडाच्या मागच्या आडोशाला मात्र पाणी उलटं, वरच्या बाजूला सरकतं. गाइड विश्रांतीला राफ्ट तिथे घालतो. तुम्हाला हे सगळं कळलं तरी गाइडला सांगू नका. तो रोज सकाळी हीच नदी उतरतो.

पडल्यास

पडणं अपमानास्पद नाही. उभं राहणं धोक्याचं आहे. वाहत्या पाण्यात पाय टेकवायला गेलात आणि पाऊल दोन दगडांत अडकलं, तर मागचं पाणी तुम्हाला पुढे लोटतं आणि गुडघाभर पाण्यातही डोकं खाली जातं. म्हणून पाठीवर आडवे व्हा, पाय खालच्या बाजूला, पायाची बोटं पाण्यावर दिसली पाहिजेत. दगड आला तर पायाने ढकला. राफ्टच्या बाहेरची दोरी हाती आली तर धरा, पण राफ्ट आणि दगड यांच्या मधे जाऊ नका. भरलेल्या राफ्टचं वजन तुम्ही अंगावर घेऊ शकत नाही. दूर गेलात तर काठावरून किंवा राफ्टमधून दोरीची पिशवी फेकतील. पिशवी नव्हे, दोरी धरा, छातीवर घ्या आणि पाठीवर पडून राहा. हाताला गुंडाळू नका.

वर घेणाऱ्याने हात ओढायचा नसतो, खांदा निखळतो. जॅकेटचे दोन्ही खांद्यांवरचे पट्टे धरायचे, गुडघे घेराला टेकवायचे आणि स्वतः मागे पडायचं. यात पडलेला माणूस वर काढणाऱ्याच्या अंगावर येऊन पडतो. जावईबापू पडले आणि सासऱ्यांनी काढलं, तर दोघं काही क्षण राफ्टच्या तळाशी एकमेकांवर असतात आणि त्यानंतर घरात आवाज थोडे खाली येतात, असा अनुभव आहे.

शेवटच्या संथ टप्प्यात गाइड "ज्याला उतरायचं त्याने उतरा" असं सांगतो. आतापर्यंत दोर न सोडलेले काका सर्वांत आधी उडी मारतात. पाणी धरणाच्या पोटातून आल्यामुळे बरंच गार असतं. किंकाळी फुटली तर ती दाबू नका, सगळेच मारतात. काकांना परत वर काढायला चार जण लागतात आणि या कामात मात्र एकही हुकूम चुकत नाही.

जेवण आणि नंतर

राफ्ट काठावर ओढून वर रस्त्यापर्यंत नेताना सर्वांनी हात लावायचा असतो. इथे पाठदुखी आठवणाऱ्यांची संख्या बघून ठेवा, पुढच्या सहलीच्या नियोजनात उपयोगी पडते. जीपमधून परत, कपडे बदला, किल्ली मागा, भात दोनदा घ्या.

मग कॅम्पवरचा पोरगा लॅपटॉप उघडून तुमच्या राफ्टचा व्हिडिओ दाखवतो. ज्या लाटेबद्दल जेवताना अर्धा तास चर्चा झाली, ती त्यात गुडघ्याएवढी दिसते. लाटेच्या मध्यभागी तुम्ही आहात: तोंड उघडं, एका हातात दोर, दुसऱ्या हातातलं पॅडल आकाशात. भाव करू नका, व्हिडिओ विकत घ्या आणि त्याच्या मशीनमधला समोर पुसून घ्या.