तात्या अजून यायचे आहेत

भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचा पट्टा पडला, उसाच्या ट्रॉल्या झाडाखाली लागल्या, की सणसर-बारामतीच्या टापूत एका ठरावीक माणसाच्या पायाला भिंगरी लागते. हा माणूस गावोगाव असतो. साठीच्या अलीकडंपलीकडं वय, पोरगा हाताशी आलेला, ऊस नीरा डाव्या कालव्याच्या भरवशावर सोडलेला. सोयीसाठी त्याला तात्या म्हणू. तशी गरजही नाही, तो तात्याच असतो.

अक्षय्य तृतीयेला गंगोत्री-यमुनोत्रीची दारं उघडतात, त्या सुमाराला तात्यांची बस निघते. बस कसली, चाकांवरचा वाडाच. डिकीत शेगड्या, पातेली, ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी, टपावर वळकट्या, मागच्या सीटवर आचारी. राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आमच्या लोकांनी त्याची वाट पाहिली नव्हती. पेट्रोलपंपामागं नळ दिसला की गाडी थांबते, पिठलं रटरटायला लागतं, आणि दोन झाडांच्या मध्ये लुगडी वाळत पडतात.

पण जायला काय, कुणीही जातं. तात्यांचं खरं कसब परत येण्यात आहे. बाकीची मंडळी गाडीतून उतरतात आणि घरी जातात. तात्यांना घरी पोहोचायला दिवाळी उजाडते.

मे संपत आलेला, दुपारची वेळ, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. अशा वेळी बस गावात शिरली की तात्या ड्रायव्हरला म्हणतात, "जरा भवानीनगरपर्यंत चक्कर मारून आण. ऊन कलू दे." म्हणजे पारावर माणसं जमतील. ड्रायव्हर महिनाभर तात्यांना ऐकून झालेला असतो. तो ब्रेक मारतो आणि दार उघडतो.

तात्या उतरतात ते कानटोपी घालून. बाहेर डांबर वितळतंय, पण तात्यांच्या अंगात केदारनाथ मुरलेलं. "साडेतीन हजार मीटरवरनं आलोय, एकदम टोपी काढली तर बाधंल," असं ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात सांगतात. गावात कारखान्याच्या धुराड्यापेक्षा उंच काही नसल्यामुळं या विधानाला उलट तपासणी होत नाही. गोठ्यात जाऊन ते म्हशीला "चलो, चलो" म्हणतात. म्हैस हलत नाही. "बाहेरचं काय कळतच न्हाई हिला," म्हणून तात्या कळवळतात.

काकीही त्याच बसमध्ये असतात, तेच चारही धाम करून येतात. उतरल्याबरोबर त्या म्हशीची कास बघतात, सुनेनं लोणच्याची बरणी कुठं ठेवली ते विचारतात, आणि चुलीपुढं बसतात. झालं, काकी आल्या. प्रवासाबद्दल कुणी विचारलंच, तर म्हणतात, "थंडी लई व्हती." काकींनी यमुनोत्रीला सूर्यकुंडाच्या उकळत्या पाण्यात फडक्यात बांधून तांदूळ शिजवले होते, हे गावाला कळतं ते तात्यांकडून, आणि तात्यांच्या हकिगतीत ते तांदूळ तात्यांनीच शिजवलेले असतात.

तात्यांची हकिगत नीट ऐकली, की त्यातला देवाचा भाग कुठं संपतो ते कळतं. केदारनाथाचं दर्शन दोन वाक्यांत आटपतं: गर्दी होती, दर्शन झालं. देवळामागची भीमशिळा, 2013 च्या प्रलयात जिनं पाण्याचा लोंढा अडवला, तिला हात लावल्याचं तिसरं वाक्य. खरं तीर्थक्षेत्र लागतं ते मुजफ्फरनगरला. दिल्लीहून हरिद्वारला जाताना दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस, गुऱ्हाळं, गुळाचा वास. तिथं तात्यांनी बस थांबवली. आचाऱ्यासकट सगळे बांधावर उतरले. वाकून सरीतलं अंतर हातानं मोजलं, कांडं मोडून रस चाखला, खोडव्याला फुटवे किती ते बघितलं. त्या शेतकऱ्याला आधी वाटलं, हे लोक जमीन मोजायला आले. मग त्यानं खाट टाकली.

इथून पुढं तात्यांचा आवाज चढतो. त्यांच्याकडं 0238 जात, आपल्याकडं 86032 आणि 265. त्यांच्या 0238 ला लाल कुजव्या रोगानं धरलंय. त्यांचा दर क्विंटलवर, आपला टनावर. तिथं राज्य सरकार स्वतःचा दर जाहीर करतं, आणि कारखान्याची पर्ची आल्याशिवाय ऊस तोडायचा नाही. ऊस वाहायला बैल नाही, रेडा. "रेडा?" पारावर कुणीतरी दचकतं. "रेडा! बुग्गी म्हणत्यात तिला," तात्या म्हणतात आणि मांडी बदलतात. बद्रीनाथाला एवढे श्रोते कधी मिळत नाहीत.

हरिद्वारचा पुढचा अध्याय भाऊबंदांसाठी राखीव. तिथल्या पंड्यांकडं घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. तात्यांच्या पंड्यानं लांबोडकी वही उलगडून पणजोबांचं नाव वाचून दाखवलं. तात्यांचे डोळे भरून आले, ते खरेच आले. पण सणसरात पोहोचेपर्यंत त्या वहीचा सातबारा झालेला. बांधाला लागून असलेल्या चुलतभावाला आता ते सांगतात, "नोंद हरिद्वारला हाय, कोर्टात जायची गरज न्हाई." चुलतभाऊ पुढच्या उन्हाळ्याच्या गाडीची चौकशी करायला लागतो.

मग मावंदं. काशी असो की चारधाम, परत आल्यावर गंगापूजन करून भावकीला जेवू घातल्याशिवाय यात्रा पदरात पडत नाही. तात्यांनी देव्हाऱ्यात ठेवायला गंगेचा सीलबंद गडू आणलेला असतोच. वाटायला वेगळं कॅन. आता या कॅनची गोष्ट काकींनी मला सांगितली, ती मी इथं सांगतोय, एवढाच तिच्यातला अधर्म. येताना सेंधव्याच्या पुढं बिजासन घाटात गाडी तापली. जवळ पाणी नाही. ड्रायव्हरनं हाताला लागलं ते कॅन रेडिएटरात रिकामं केलं. बसमध्ये रडारड झाली. तात्या मात्र शांत होते. पुढं कोपरगावला गोदावरीच्या पुलाजवळ त्यांनी गाडी थांबवली, खाली जाऊन कॅन भरलं आणि वर येऊन म्हणाले, "दक्षिणगंगाच हाय ही. पुन्हा सासर-माहेर कशाला करायचं?" शास्त्राला धरूनच होतं. मावंद्याला पुरणपोळीआधी सगळ्यांनी ते तीर्थ डोळ्यांना लावून घेतलं. त्या गाडीचा रेडिएटर मात्र त्यानंतर तापला नाही, असं ड्रायव्हर सांगतो. ड्रायव्हरही तात्यांच्या संगतीत महिनाभर होता, हे लक्षात घ्यावं.

जूनमध्ये कानटोपी उतरते, हकिगत उतरत नाही. पार ओसाड पडतो, कारण ऐकणारे तात्यांना लांबून ओळखायला लागतात. दुकानदार वाणसामान मोजता मोजता एकदम मोबाइल कानाला लावतो. अशा पडत्या काळात तुकोबांची पालखी येते. बारामतीचा मुक्काम उरकून, काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण घेऊन ती मुक्कामाला सणसरला. तात्यांच्या अंगणात दिंडी उतरते. अख्खं अंगण नवे कान.

देहूपासून चालत आलेली एक म्हातारी पायाला तेल चोळत बसलेली. तात्यांनी तिला गौरीकुंडापासून केदारनाथ कसं सोळा किलोमीटर चढायचं ते सांगायला घेतलं. ती म्हणाली, "चाललासा?"

"न्हाई. घोडा केला."

"आन उतरताना?"

"घोडाच."

"मग लई पैसं गेलं असतील," म्हातारी कळवळून म्हणाली आणि दुसऱ्या पायाला तेल लावायला लागली.

तात्यांना हा दोर अर्धवट सोडवेना. सकाळी दिंडी बेलवाडीच्या रिंगणाकडं निघाली, तसे तेही म्हातारीच्या बाजूनं सांगत सांगत निघाले. गंगोत्री वेशीपर्यंत पुरली. बद्रीनाथाचं तप्तकुंड रस्त्याला लागल्यावर. मुजफ्फरनगरचा ऊस चालू असताना समोर बेलवाडी आली, अश्व धावला, टाळ-मृदंगात तात्यांना स्वतःचंच ऐकू येईना.

दुपारी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून ते घरी आले. पायाला फोड, कपाळाला बुक्का, चेहरा असा की आता महिनाभर बेलवाडी ऐकायची. काकींनी तांब्या पुढं केला.

"आता ह्येचं मावंदं कवा घालायचं?"