दोनशे सत्तरचा परवाना

महसूल खात्यात उभी हयात घालविलेल्या मनुष्यास कोणताही दस्तऐवज हाती आला असता तो आधी उलटा करून त्याची मागची बाजू तपासण्याची जी खोड जडते, ती निवृत्तीनंतरही सुटत नाही. आणि म्हणूनच माझ्या भाच्याने आपल्या ‘कावासाकी निन्जा १०००’ या सव्वादोनशे किलोंहून भारी वाहनास नवे टायर घालून, भर आषाढात पुण्याहून आंबोलीमार्गे सावंतवाडीस जाण्याचा, व मागच्या आसनावर मला बसविण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा त्या टायरांविषयी त्याच्या मित्रमंडळात चाललेल्या मसलतीत मीही, तज्ज्ञ म्हणून नव्हे पण रुजुवात घेणारा जुना कारकून म्हणून, बिनबोलाविता सामील झालो.

या मंडळात दोन पंथ आहेत. पहिला पंथ शर्यतीच्या मैदानावरील, नक्षी जवळजवळ नसलेल्या, मऊ रबराच्या टायरांचा कैवारी. त्याचे म्हणणे असे की, वळणावर गाडी ज्या कोनात झुकते त्या कोनातच स्वाराचा सारा पुरुषार्थ सामावलेला असून, टायरच्या कडेस न वापरलेल्या रबराची जी पट्टी उरते (तिला ही मंडळी ‘चिकन स्ट्रिप’ म्हणतात आणि चहाच्या टपरीवर एकमेकांच्या गाडीमागे वाकून तिची मोजणी करतात), ती जितकी रुंद तितका स्वार भित्रा. दुसरा पंथ ‘स्पोर्ट टूरिंग’ टायरांचा. मिशलिन रोड ६, पिरेली एंजल जीटी २, मेट्झलर रोडटेक ०१ ही त्याची दैवते. या जातीच्या मागच्या टायरात मधला पट्टा कठीण रबराचा व दोन्ही कडा मऊ रबराच्या असतात, कारण सरळ रस्त्यावर झिजतो तो मध्य आणि वळणावर धरून ठेवतात त्या कडा. शिवाय रबरात सिलिका भरपूर मिसळलेली असल्याने ओल्या व थंड डांबरावरही ते लवकर पकड घेते. शर्यतीचे रबर चांगले तापल्यावाचून कामास लागत नाही. आंबोलीच्या धुक्यात ते तापविण्याइतका वेग घेणारा इसम, मामा मागे बसलेला असो वा नसो, सावंतवाडीऐवजी भलत्याच मुक्कामी पोहोचण्याचा संभव अधिक, असा माझा अभिप्राय मी नोंदविला आणि तो बहुमताने फेटाळला गेला.

नाना पेठेतल्या दुकानात माझ्यापुढे टायर उभा करण्यात आला तेव्हा मात्र मला आपल्या दप्तरात परतल्यासारखे वाटले. टायरची कड म्हणजे साक्षात सातबाराचा उतारा होय: क्षेत्र, आकार, बोजा, सर्व काही नमूद, आणि सामान्य खातेदारास त्यातले एक अक्षर उमगू नये अशी चोख व्यवस्था. ‘१९०/५० झेडआर १७, ७३ डब्ल्यू’ या एका ओळीत रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची त्या रुंदीच्या टक्केवारीत आणि चाकाचा व्यास इंचांत दिलेला. गुंठे, आर आणि चौरस फूट एकाच उताऱ्यावर लिहिणाऱ्या तलाठ्यासही इतकी हिंमत झाली नसती. ७३ हा भाराचा अनुक्रमांक. कोष्टकात पाहिले की त्याचे ३६५ किलो होतात. आणि डब्ल्यू हे अक्षर म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत धावण्याचा परवाना. या वेगाक्षरांतही सेवाज्येष्ठतेचा घोटाळा आहेच: एस १८०, टी १९०, यू २०० असा सरळ क्रम चालला असता, मध्येच एच हे अक्षर मागच्या रांगेतून उठून २१०च्या खुर्चीवर बसलेले आढळते, आणि त्यानंतर व्ही बिचारा २४०वर येतो. आमच्या खात्यात अशा बढतीस वशिला म्हणत असत.

दुकानदार सज्जन होता, पण किमतीचा आकडा उच्चारताना त्याने आवाज इतका खाली आणला की मला तो दोनदा विचारावा लागला. जोडीची किंमत माझ्या महिन्याच्या निवृत्तिवेतनास सहज ओलांडून गेली. “काय करणार साहेब, बाहेरचा माल परवान्याशिवाय येत नाही,” असे तो म्हणाला, आणि ते खोटे नव्हते. २०२०च्या जूनमध्ये केंद्र सरकारने टायरांची आयात निर्बंधित वर्गात घातली, तेव्हापासून या गोल वस्तूंनाही अर्ज, शिक्का आणि प्रतीक्षा यांतून जावे लागते. मग मी खाली वाकून कडेवरचे ते चार आकडे शोधले, ज्यांतले पहिले दोन कारखान्यातला आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. मागचा टायर गेल्याच वर्षाचा निघाला. पुढचा मात्र त्याचा थोरला भाऊ, पुरा चार वर्षांचा. “नवाच आहे हो, कुणी वापरलेला नाही,” या युक्तिवादास मी “हरकत नोंदवून घ्यावी” एवढेच उत्तर दिले, आणि आतून दुसरा टायर आला. भाच्याने त्या दिवशी प्रथमच मला मित्रांसमोर ‘आमचे मामा’ म्हटले.

टायरांचा खटला मुळातच मालकीच्या वादाने सुरू झालेला आहे, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. बेलफास्टच्या डनलॉप नामक पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचे टायर बनवून १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. पण रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने तीच कल्पना १८४५ साली नोंदवून ठेवली होती, असे पुढे दप्तरात सापडले आणि डनलॉपचा हक्क रद्द झाला. नाव मात्र डनलॉपचेच राहिले. सातबाऱ्यावर एक आणि वहिवाटीत दुसरा, हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे.

अखेर दुसऱ्या पंथाचे टायर चढले आणि आम्ही निघालो. नव्या टायरचा पृष्ठभाग साच्यातून आलेला, गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शेदीडशे किलोमीटर जपून चालवावे असा दंडक आहे. तो भाच्याने इतक्या निष्ठेने पाळला की, हजार सीसीची ती गर्जणारी स्वारी खंबाटकी घाट चढत असता उसाच्या मळीचा टँकर, वऱ्हाडाची बस आणि कोंबड्यांचा टेम्पो यांनी आम्हांस क्रमाने मागे टाकले. कोंबड्यांनी आमच्याकडे पाहिलेही. साताऱ्याच्या पुढे रुंदीकरणाचे काम चाललेले. डब्ल्यू अक्षराचा आमचा परवाना ‘वळण रस्ता, वेगमर्यादा २०’ या फलकापुढे मुकाट्याने दप्तरी दाखल झाला.

मध्ये एका पंपावर हवा पाहण्यास थांबलो. पुढे छत्तीस, मागे बेचाळीस, असे भाच्याने सांगताच हवा भरणारा पोऱ्या हातातली नळी खाली ठेवून म्हणाला, “दादा, बेचाळीस? आम्ही जीपला पस्तीस भरतो. फुटला तर माझ्या नावावर नको.” मग भाच्याने स्वतःचा मापक काढला, टायर तापलेला असल्याने आकडा वाढीव येणार, खरी मोजणी सकाळी गार असतानाच करावयाची असते, असे एक छोटेखानी व्याख्यान दिले, आणि पोऱ्याने ते संपेपर्यंत चार स्कूटरांना, आकडा न विचारता, अंगठ्याने दाबून हवा भरली.

निपाणीहून आत वळल्यावर टायरांची खरी परीक्षा सुरू झाली. रोपलावणीचे दिवस; आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची कीर्ती ज्या शिवारांवर उभी आहे त्यांतून बाहेर पडणारा प्रत्येक ट्रॅक्टर आपल्या चाकांतला चिखल डांबरावर अर्धा फर्लांग पसरून जात होता. तेथे कोन नव्हता, पुरुषार्थ नव्हता. होती फक्त पाण्याला वाट काढून देणारी टायरावरची नक्षी आणि मागे बसून मनातल्या मनात रामरक्षा म्हणणारा एक निवृत्त शासकीय सेवक. गाडी एकदाच किंचित सरकली आणि लगेच सावरली. त्या क्षणी मी सिलिकेच्या संशोधकांस सर्व थकबाकीसह बढती मंजूर केली.

आंबोली! ज्या वळणांसाठी महिनाभर मसलत झाली, मित्रांशी वितंडवाद झाला आणि माझ्या निवृत्तिवेतनाची तुलना करावी लागली, तो घाट रविवारी दुपारी धबधब्याखालच्या मोटारींनी इतका गच्च भरलेला होता की, ताशी दोनशे सत्तरची लायकी असलेले ते टायर पाऊण तास एकाच जागी उभे राहिले, आणि भाजलेल्या कणसाचा विक्रेता आमच्याभोवती दोन प्रदक्षिणा घालून गेला. पुढे दाणोलीपर्यंत आम्ही पहिल्या गिअरमध्ये उतरलो. वानरे वेगाने गेली.

सावंतवाडीत उतरल्यावर मी गाडीमागे वाकून पंचनामा केला. मधला पट्टा रस्त्याने घासून काळसर, खरखरीत. दोन्ही कडांवर साच्यातून आलेले रबराचे बारीक केस मात्र जसेच्या तसे उभे, एकही मोडलेला नाही. भाच्याने चिखलाने ते झाकण्याचा प्रयत्न केला, तो मी नोंदीत घेतलेला नाही. पुणे-कोल्हापूर महामार्गावर गाडी चालविणाऱ्याचा टायर मधूनच सपाट होऊन बाद होणार, कडांनी कधीच नाही. तेव्हा ज्या कुणा वाचकास असा टायर घ्यावयाचा असेल त्याने कडांच्या चिकटपणाची चौकशी मित्रांकडे सोपवावी, आपण मधल्या पट्ट्याचे आयुष्य आणि पावसातली पकड एवढेच दुकानदारास विचारावे, आणि पैसे मोजण्यापूर्वी, कंबर दुखत असली तरी, वाकून ते चार आकडे दोन्ही टायरांवर वाचावेत.