वायरिंगभाऊ

मूल, सिंदेवाही, चामोर्शी, आलापल्ली, गाव कोणतंही घ्या. बसस्टँडच्या आसपास एक टपरी असतेच, आणि तिच्यासमोर चार मोटारसायकली हेडलाईट उपसून, आतड्यांसारख्या वायरी बाहेर लोंबवत उभ्या असतात. टपरीला नाव नाही. 'येथे सर्व गाड्यांची वायरिंग होईल' एवढाच बोर्ड, आणि त्यातलं 'सर्व' तेवढं लाल एलईडीत लुकलुकतं. मालकाला आपण वायरिंगभाऊ म्हणू. नंबरप्लेट एम. एच. ३३ ची असो की ३४ ची, भाऊ दोन्ही जिल्ह्यांत सारखाच. गालात खर्रा, कानावर टेस्टर, आणि समोरच्या दोन दातांत वायर सोलून सोलून पडलेली एक खाच. वायर त्या खाचेत घालून तो मान झटकतो, तांबं उघडं. दोन टोकांना पीळ देतो आणि वर टेप गुंडाळतो. टेप संपला असेल तर खर्ऱ्याची पन्नी आहेच.

भाऊच्या धंद्याला खरी बरकत आणली ती सरकारनं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा हेडलाईट दिवसाही चालू राहिला पाहिजे असा नियम झाला आणि कंपन्यांनी हँडलवरचं लाईटचं बटणच काढून टाकलं. पुढची दोन वर्षं नवी गाडी घेतलेल्या माणसाला चंद्रपूर ते मूल रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक जण पंजा मिटून-उघडून दाखवायचा, 'लाईट चालू आहे!' चिचपल्लीत चहावाला सांगणार, केळझरला पोरं ओरडणार. शेवटी माणूस वैतागून भाऊकडे.

"भरदुपारी लाईट जळून रायला गा भाऊ. बंद होते का?"

"काऊन नाही होत? कंपनीनं बटन काढलं, आपन लावून देऊ."

बटण लागतं. गिऱ्हाईक खूश. पैसे देता देता त्याची नजर टपरीत लटकलेल्या पांढऱ्या एलईडी पट्ट्यांवर जाते. भाऊच्या ते लक्षात येतं. "रनिंग लाईट होय. शोरूमच्या मोठ्या गाड्यांले असते तशी. दिवसभर जळते." आणि दिवसभर जळणारा लाईट बंद करायला आलेला माणूस दिवसभर जळणारे दोन लाईट लावून घरी जातो. हा व्यवहार मी डोळ्यांनी पाहिला आहे. दोघांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

इंडिकेटरबद्दल भाऊची मतं ठाम आहेत. जो दिवा फक्त वळताना लागतो तो त्याच्या लेखी फुकट गेलेला दिवा. इथे वळायचं असतं कुठे? मैलोगणती रस्ता सरळ, दोन्हीकडे साग आणि बांबू. वळलंच तर मागे बसलेला हात काढतो, एकटा असला तर पाय. म्हणून भाऊ इंडिकेटरमध्ये दोन तारांचा बल्ब बसवतो. बारीक तार कायम जळते, मोठी लुकलुकते. उन्हात यातलं कोणतं काय करतंय हे ओळखता येत नाही, पण गाडी 'भारी' दिसते. सोबत बझर. एकदा दिलेला इंडिकेटर बंद करायची आठवण राहावी म्हणून तो असतो, आणि आमच्याकडे पाच किलोमीटर चिवचिवत जाऊनही कोणाला आठवण होत नाही.

एलईडी इंडिकेटरांनी तर गंमतच केली. जुना बल्ब दहा वॉटचा, एका बाजूला दोन, म्हणजे वीस वॉट. फ्लॅशर त्या वजनाला सरावलेला. एलईडी खातो जेमतेम एक-दोन वॉट. फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला, मग तो एक तर घाईघाईने फडफडतो नाही तर गप्प बसतो. सरळ उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर. तो संपला असेल तर भाऊ शेजारी रेझिस्टन्स जोडतो. एलईडीनं वाचवलेली सगळी वीज त्यात तापून जाते. फडफड मात्र थांबते, आणि गिऱ्हाईकाला तेवढंच हवं असतं.

एवढं वाचून भाऊला अडाणी समजाल तर चुकाल. एका गुरुजींची गाडी आली होती. ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद पेटायचा. शहरातल्या एका वर्कशॉपनं पूर्ण वायरिंग बदलण्याचा खर्च सांगितला होता. भाऊनं गाडीभोवती एक चक्कर मारली, पिंक टाकली आणि म्हणाला, "अर्थ गेली, गुरुजी." मागच्या दिव्याचा बोल्ट गंजलेला. परतीची वाट बंद, म्हणून करंट शेजारच्या बल्बातून वाट काढत होता. पॉलिश पेपर दोनदा फिरवला, बोल्ट आवळला, संपलं. पैसे घेतले नाहीत. बिघाड शोधण्यात या माणसाचा हात धरणारा कोणी नाही. फक्त चालती गाडी त्याच्या हाती लागू नये.

त्याचा हंगाम भाऊबीजेनंतर. मंडई सुरू झाली की गावोगाव झाडीपट्टीची नाटकं लागतात. रात्री दहाला पडदा वर, उतरेपर्यंत पहाट. जंगलातून जाऊन-येऊन करायचं तर गाडीला उजेड हवा, म्हणून आधीच्या आठवड्यात टपरीसमोर रांग. घाईत भाऊ पट्ट्या चावीच्या वायरीवरून न घेता थेट बॅटरीवर टाकतो. पट्ट्या खातात अर्धा अँपिअर, साध्या गाडीची बॅटरी तीन-चार अँपिअर-अवरची, नाटक सात तासांचं. हिशेब तुम्हीच करा. पहाटे पाचला नाटकातल्या बहिणीसाठी डोळे पुसत लोक बाहेर येतात, सेल्फ दाबतात, 'टक्'. अर्ध्या मैदानात किका, उरलेल्यांना धक्का. कोणी भाऊला दोष देत नाही, कारण भाऊही तिथेच असतो, आपली गाडी ढकलत.

कायद्याचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत परवानगीबाहेर केलेल्या दर बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बटण, पट्ट्या, बझर, दोन तारांचे बल्ब, फोकस: पाच बदल, पंचवीस हजार. भाऊचं बिल सहाशे. जुनी स्प्लेंडर विकली तरी फरक भरून निघायचा नाही. भाऊला हे ऐकवलं तर तो म्हणतो, "दंड मालकाले आहे नं, मिस्त्रीले थोडी आहे!"

मला त्याच्या फोकसचाच तेवढा राग आहे. समोरून तो पांढरा झोत आला की दोन-चार क्षण काहीच दिसत नाही, आणि नेमकं त्याच वेळी रस्त्यावर रानडुक्कर असू शकतं किंवा बसलेली गाय. तेव्हा त्याच्याकडे जाल तर, आणि जालच, फोकस घेऊ नका. बाकी जे लावाल त्याला वेगळा फ्यूज मागा, कनेक्शन चावीवरून घ्या, आणि अर्थ नीट घासून घ्यायला सांगा. भाऊ हसेल, 'शहरातले दिसता' म्हणेल, पण काम चोख करून देईल. सांगितलं तर तो सगळं नीट करतो.