पेन्शन विकावी की न विकावी

महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील गट अ, ब आणि क मधील कर्मचारी सामान्यतः वयाची ५८ वर्षे पूर्ण झाल्यावर नियत वयोमानानुसार निवृत्त होतो, असे सेवानियम सांगतात. परंतु ही प्रक्रिया प्रत्यक्षात छप्पन्नाव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते, आणि पुढची दोन वर्षे त्या कर्मचाऱ्याची गणना ना पुरत्या नोकरदारांत करता येते ना पेन्शनरांत. या मधल्या अवस्थेतील गृहस्थाला येथे निवृत्तोन्मुख म्हटले आहे. तो अधीक्षक असेल, शाखा अभियंता असेल किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेचा मुख्याध्यापक असेल, पण त्याची ओळख हुद्द्यावरून पटत नाही. समोर आलेल्या कोणत्याही कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर तो नकळत बेरीज मांडू लागतो, यावरून ती पटते.

या प्रकारातील गृहस्थांची एक मोठी तुकडी दरवर्षी ३१ मे रोजी मध्यान्होत्तर कार्यमुक्त होते, आणि त्याचे कारण प्रशासनात नसून जुन्या प्राथमिक शाळेत सापडते. जन्माची नोंद घरी नव्हती, जूनमध्ये शाळा सुरू होत होती आणि प्रवेशासाठी वयाची अट भरायची होती, म्हणून गुरुजींनी गावातील निम्म्या मुलांचा जन्मदिनांक १ जून असा लिहून टाकला; आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, या नियमामुळे ती सारी मुले पन्नासहून अधिक वर्षांनी एकाच दुपारी शाल-श्रीफळ घेऊन घरी परततात. गुरुजींनी तेव्हा २ जून लिहिला असता, तर तिसाव्या तारखेपर्यंत पूर्ण महिन्याचा पगार पदरात पडला असता, ही हळहळ निवृत्तोन्मुख अखेरपर्यंत बाळगतो. त्या गुरुजींच्या पायावर डोके ठेवून तो कधीकाळी निबंधस्पर्धेचे बक्षीस घेऊन आला होता, याचा त्याला या प्रसंगी विसर पडतो.

सेवापुस्तक, म्हणजे नेमणुकीपासूनच्या वेतनवाढी, बदल्या आणि रजा यांची कार्यालयाने ठेवलेली नोंदवही, हा ग्रंथ तीस वर्षे आस्थापना शाखेच्या कपाटात निर्वेध पडून असतो. आता मात्र निवृत्तोन्मुख तो पोथीच्या निष्ठेने वाचू लागतो. एखाद्या वेतननिश्चितीवर वेतन पडताळणी पथकाचा शिक्का नाही, असे त्याला आढळते, आणि ज्या आस्थापना लिपिकाला त्याने आजवर केवळ वर्गणी मागण्यापुरते ओळखले त्याची तो मुलांच्या दहावीच्या निकालासह चौकशी करू लागतो. निवृत्तिवेतनाचे प्रकरण सामान्यतः महालेखापालांच्या मुंबई किंवा नागपूर कार्यालयात जाऊन मंजूर व्हायचे असते. तेथपर्यंतचा प्रवास लिपिकाच्या टेबलावरून सुरू होतो, हे ज्ञान त्याच्या चहाच्या बिलात स्पष्ट दिसते.

त्याच्या वहीकडे वळणे आवश्यक आहे, कारण या प्रकाराचे सारे व्यक्तिमत्त्व तीत उतरलेले असते. ती बहुधा विमा प्रतिनिधीने फुकट दिलेली मागच्या वर्षीची डायरी असून तिच्या पहिल्या पानावर निवृत्तीच्या दिवशी मिळणाऱ्या रकमांची यादी असते. भविष्य निर्वाह निधी, ज्याला सारे फंड म्हणतात, तो सर्वांत वर. त्याखाली उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी, जे सेवेच्या प्रत्येक पूर्ण सहामाहीला अखेरच्या वेतनाचा एक-चतुर्थांश या हिशेबाने आणि कमाल साडेसोळा पटीपर्यंत मिळते. त्याखाली गटविमा, आणि त्याखाली रजा रोखीकरण, म्हणजे शिल्लक अर्जित रजेचे, कमाल ३०० दिवसांपर्यंतचे, पैसे. या शेवटच्या बाबीचा प्रकृतीवर होणारा परिणाम वैद्यकशास्त्राने अद्याप लक्षात घेतलेला दिसत नाही: तीनशेचा आकडा गाठेपर्यंत हा गृहस्थ अंगात ताप असताना कार्यालयात येतो, आणि तो गाठल्यावर वरची रजा वाया जाऊ नये म्हणून ठणठणीत असताना घरी बसतो.

तथापि वहीची खरी दाट पाने पुढे आहेत, आणि ती अंशराशीकरणाने व्यापलेली असतात. मंजूर निवृत्तिवेतनाचा कमाल ४० टक्के भाग शासनाला सोडून देऊन त्या बदल्यात एकरकमी पैसा घेणे, याला नियमांत अंशराशीकरण आणि कार्यालयाच्या व्हरांड्यात पेन्शन विकणे म्हणतात. विकलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा पूर्ववत सुरू होतो. समजा, मूळ निवृत्तिवेतन दरमहा ४०,००० रुपये आहे. त्यातील १६,००० विकले, तर वर्षाचे १,९२,००० होतात, त्यांना पुढील वाढदिवशीच्या वयासाठी, येथे ५९ साठी, तक्त्यात दिलेल्या ८.३७१ या गुणकाने गुणले की हाती १६,०७,२३२ रुपये येतात. उलट बाजूला १६,००० रुपये दरमहा पंधरा वर्षे सोडायचे म्हणजे २८,८०,००० रुपये होतात. हे दोन आकडे निवृत्तोन्मुख एकाखाली एक लिहितो, त्यांच्याभोवती चौकोन काढतो आणि त्या चौकोनात दोन वर्षे राहतो.

या व्यवहारात नफा कोणाला, हा प्रश्न वरवर आर्थिक भासतो. वस्तुतः तो आयुर्मर्यादेचा आहे. व्याजाचा विचार बाजूला ठेवला, तर मिळालेली रक्कम आठ वर्षे साडेचार महिन्यांत फिटते. निवृत्त माणूस त्याआधी गेला तर तो नफ्यात राहिला आणि त्यानंतर जगला तर पंधरावे वर्ष संपेपर्यंत दर महिन्याला तोट्यात गेला, असे गणित सांगते. त्यात कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे पश्चात पत्नीला मिळणारे, साधारणतः अखेरच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के असलेले वेतन, पेन्शन विकली म्हणून कमी होत नाही. शिवाय महागाई वाढ विकलेल्या भागासह पूर्ण मूळ पेन्शनवर मिळते. या सर्व तरतुदी एकत्र वाचल्यावर निवृत्तोन्मुख असा निष्कर्ष काढतो की, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी दसऱ्याच्या अलीकडे निधन झाल्यास हा व्यवहार अत्यंत किफायतशीर आहे. आणि हा निष्कर्ष तो भोजनाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता सहकाऱ्यांना अशा समाधानाने ऐकवतो की, ऐकणाऱ्यांना अभिनंदन करावे की सांत्वन, हे ठरवणे कठीण जाते. वहीतील हे पान घरी पत्नीच्या दृष्टीस पडले, तर फायदा व्हायचा असेल तर नक्की कोणी कधी जायचे आहे, एवढेच ती विचारते, आणि उत्तराची वाट न पाहता चहात साखर घालायचे थांबवते.

कार्यालयातील एखादा तरुण लिपिक संगणकावर हेच आकडे घालून असे दाखवून देतो की, व्याज धरले तर पेन्शन विकणे म्हणजे साडेआठ ते पावणेनऊ टक्के दराने पंधरा वर्षांचे कर्ज काढण्यासारखे आहे, फरक इतकाच की कर्जदार गेला तर हे कर्ज माफ होते. हा युक्तिवाद बिनतोड आहे, आणि म्हणूनच तो स्वीकारला जात नाही. त्या लिपिकाची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची असल्यामुळे तो जुन्या पेन्शनच्या कक्षेबाहेर आहे, मार्च २०२३ च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा देऊन त्याचा घसा बसलेला होता, आणि ज्याला विकायला पेन्शनच नाही त्याने विक्रीवर मत देऊ नये, असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडते.

निवृत्तीची तारीख जवळ येते तशी सल्लागारांची संख्या वाढत जाते. थोरले मेहुणे पतपेढीतील एक टक्का जास्त व्याजाची महती सांगतात. ठेवीदाराच्या प्रत्येक बँकेतील ठेवींना व्याजासह पाच लाखांपर्यंतच जे ठेव विमा संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून आहे ते बँकांपुरते असते, पतपेढीला नसते, हे त्यांच्या गावीही नसते. चुलत पुतण्या विम्याचा हप्ता हीच गुंतवणूक असल्याचे पटवतो. ज्या बँकेत आजवर पासबुक भरून घ्यायला पाऊण तास उभे राहावे लागत होते तेथे अचानक खुर्ची आणि पाणी मिळते, व्यवस्थापक ‘सर’ म्हणून हाक मारतो, आणि मुदत ठेव ठेवायला गेलेला गृहस्थ दहा वर्षे हप्ते भरण्याची विमा पॉलिसी घेऊन बाहेर पडतो. हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा दर रविवारी म्युच्युअल फंडाचे नाव काढतो. बापाला त्यावर युनिट ६४ आठवते. युनिट ट्रस्टच्या या योजनेत मराठी मध्यमवर्गाने डोळे मिटून पैसे ठेवले होते, आणि जुलै २००१ मध्ये तिची खरेदी-विक्रीच काही काळ थांबली होती. मुलगा तेव्हा बालवाडीत होता. चर्चा येथे संपते.

अखेरीस पैसा जातो तेथेच जातो: टपाल कार्यालयातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. या योजनेला वयाची साठ वर्षे लागतात, पण नियत वयोमानाने निवृत्त झालेल्याला पंचावन्ननंतरही, निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, खाते उघडता येते, हे निवृत्तोन्मुखाला काउंटरवरील कर्मचाऱ्यापेक्षा चांगले ठाऊक असते आणि तो ते रांगेतील सर्वांना सांगतो. एप्रिल २०२३ मध्ये योजनेची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली आणि व्याज ८.२ टक्के झाले. पूर्ण तीस लाख ठेवल्यास दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. हा आकडा त्याच्या वहीत लाल शाईने लिहिलेला असतो.

या लाल आकड्याच्या समोर दुसरा आकडा असायला हवा, घरखर्चाचा; आणि तेथे मात्र वही मूक आहे. ‘किरकोळ’ या शीर्षकाखाली एक गोल रक्कम असते, जी त्याने साधारण २०११ साली ऐकलेली असावी. घरातील खर्चाची एकमेव विश्वसनीय नोंद स्वयंपाकघरात टांगलेल्या कालनिर्णयवर असते: दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, कामवालीची उचल, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्याचा दिवस. त्या चौकटींतील बेरीज पत्नी महिनाअखेर मनातल्या मनात करते. निवृत्तोन्मुख तेथे एकादशी आणि सुट्ट्या पाहतो. बहात्तरला व्याजदराने भागले की ठेव किती वर्षांत दुप्पट होते ते कळते, हा ठोकताळा त्याला तोंडपाठ आहे आणि तो नातवालाही शिकवतो. परंतु हाच भागाकार तूरडाळीला लागू पडतो, महागाई सहा टक्के राहिली तर बारा वर्षांत किराण्याचे बिल दुप्पट होईल आणि टपालातले ६१,५०० तेवढेच राहतील, हे नातवाने विचारल्यास त्याला अभ्यासाला बसवले जाते. आरोग्यविम्याचा विषय तर तो साखर निघाल्यावर काढतो, आणि आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते असे कळल्यावर विमा कंपन्यांच्या नीतिमत्तेवर बोलतो.

या सर्व तयारीतील सर्वांत चमत्कारिक भाग मृत्युपत्राचा आहे. नामनिर्देशन, म्हणजे खातेदाराच्या पश्चात पैसे कोणाच्या हाती द्यावेत याची नोंद, त्याने प्रत्येक खात्यावर, लॉकरवर आणि सोसायटीच्या भागदाखल्यावरही चोख केलेली असते, आणि एवढ्याने वारसाचा प्रश्न मिटला अशी त्याची ठाम समजूत असते. नामनिर्देशित व्यक्ती सामान्यतः केवळ स्वीकारणारी, विश्वस्तासारखी असते आणि मालकी वारसाहक्काच्या कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. कंपन्यांच्या समभागांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केले. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असते, साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात. पत्नीने हे सुचवले, तर मात्र भरल्या घरात असे अभद्र बोलू नये म्हणून तो तिला गप्प करतो. गावाकडच्या सातबाऱ्यावर आजोबांपासूनची बावीस नावे साचलेली आहेत, आणि ती तशी साचण्याचे कारण घराण्यात तीन पिढ्या कोणी अभद्र बोलले नाही हेच आहे, याकडे त्याचे लक्ष वेधण्यात अर्थ नसतो.

व्हरांड्यात मात्र स्वतःच्या निधनाचा महिना तो खुशाल सांगत असतो.

निरोप समारंभात ‘दुसरी इनिंग’ हा शब्दप्रयोग किमान तीन वक्ते करतात, साहेब त्याच्या काटेकोरपणाचा गौरव करतात आणि फोटो होतो. त्यानंतर तीन-चार महिन्यांत पेन्शन सुरू होते, आणि तिचा ४० टक्के भाग विकलेला असतोच. कारण एवढा विचार करून झाल्यावर फ्लॅटच्या कर्जाची शिल्लक आणि मुलीच्या लग्नाचे कार्यालय यांनी तो निर्णय परस्पर घेतलेला असतो. पहिल्या नोव्हेंबरात तो हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत पहिल्याच तारखेला हजर होतो. यंत्र अंगठ्याचा ठसा तीनदा नाकारते, चौथ्यांदा स्वीकारते, आणि तो पावती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावतो. त्याच फोल्डरमध्ये, सर्वांत मागे, कोषागार अधिकाऱ्यांना उद्देशून एक अर्ज टंकलिखित करून ठेवलेला आढळतो. विषय, ‘अंशराशीकृत निवृत्तिवेतन पंधरा वर्षे पूर्ण झाल्याने पुनःस्थापित करणेबाबत’. वयाची त्र्याहत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर द्यायचा हा अर्ज संदर्भ क्रमांकासह पूर्ण आहे, खाली स्वाक्षरीही झालेली आहे, आणि कोषागार अधिकाऱ्याच्या नावापुरती जागा कोरी सोडली आहे, कारण तोवर बदल्या होतील.