वर्गातला सगळ्यात ढ

आमच्या खात्यात 'तंत्रस्नेही शिक्षक' अशी एक पदवी आहे. तिला परीक्षा नसते. शिक्षण परिषदेत प्रोजेक्टर अडून बसलेला असताना तुम्ही उठलात आणि वायर एका भोकातून काढून दुसऱ्या भोकात खोचलीत, की तुम्ही तंत्रस्नेही. मग निवृत्त होईपर्यंत अख्ख्या केंद्रातल्या शाळांचे पासवर्ड तुमच्या डोक्यात मुक्कामाला येतात आणि रात्री साडेदहाला फोन येतो, "मॅडम, ओटीपी आलाय, आता काय करू?" मला ही पदवी अशीच चिकटली. एरवी मी मराठीची बाई. सहावी ते आठवीला कविता शिकवते आणि उरलेल्या वेळात, म्हणजे बहुतेक वेळ, ऑनलाइन माहितीच्या लिंक भरते.

मूळची मी साताऱ्याकडची. नोकरी लागली खानदेशात, बोरी नदीच्या काठच्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. इथली मुलं घरी अहिराणी बोलतात, शाळेत मराठी बोलतात आणि रील बघताना हिंदी. पहिल्या वर्षी मला त्यांचं निम्मं कळत नसे. मुलांनी मात्र धीर सोडला नाही. एकेक शब्द पुन्हा पुन्हा म्हणून, हातवारे करून, शेवटी फळ्यावर चित्र काढून त्यांनी मला पास केलं. मंदगतीच्या विद्यार्थ्याला शिकवण्याचा त्यांचा हात माझ्यावर बसला होता. तो पुढे कामाला आला, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

तर आमच्याकडे लोकवर्गणीतून स्मार्ट टीव्ही आला. गावात कुठलीही वस्तू नारळाशिवाय चालू होत नाही, त्यामुळे टीव्हीला ओवाळलं, हार घातला आणि उत्साहाच्या भरात कुणीतरी पडद्यालाच कुंकू लावलं. ते पुसताना डाव्या बाजूला कायमचा डाग पडला. तेव्हापासून आमच्या शाळेत भारताच्या नकाशावर गुजरात बारा महिने लालसर असतं आणि हृदयाच्या आकृतीत उजवी कर्णिका (पडद्यावर ती डावीकडे येते) नेहमी जरा जास्त तापलेली दिसते. टीव्ही ठेवलाय मुख्याध्यापकांच्या खोलीत, फुलाफुलांच्या खोळीत. खोळ काढायची म्हणजे अर्ज करावा लागत नाही एवढंच. मुलांचा हात लागला तर बिघडेल, अशी सरांना भीती. मुलांचा हात न लागलेल्या वस्तू आमच्या शाळेत पुष्कळ आहेत. प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक त्यांतलाच. तो इतका चांगल्या स्थितीत आहे की त्यातून अजून कुणी काही पाहिलेलं नाही.

मग पुस्तकांत चौकोन आले. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात कोपऱ्यात काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा क्यूआर कोड असतो; तो फोनने टिपला की पाठाचं चलचित्र, कवितेची चाल असं काहीबाही उघडतं. ही कल्पना शाळेत राबवून दाखवली ती सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी. 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलर, आणि त्यांतली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून टाकली. त्या वेळी आमच्या स्टाफरूममध्ये डॉलरचे रुपये करण्यात गणिताच्या सरांचा एक तास गेला आणि "निम्मे का?" या विषयावर उरलेला दिवस. चौकोन मात्र खरोखरच छान. अडचण एवढीच की आमच्याकडे काही पुस्तकं मागच्या वर्षीच्या मुलांकडून पुढच्यांकडे येतात आणि रिकामी पांढरी घरं दिसली की ती बॉलपेनने भरायची हा माणसाच्या मुलाचा धर्म आहे. निम्मे कोड आधीच्या तुकडीने मन लावून काळे केलेले. उरलेले टिपायचे तर तेव्हा रेंज फक्त शाळेच्या पाण्याच्या टाकीवर. म्हणून आम्ही काही दिवस कविता टाकीवर उतरवून घ्यायचो आणि वर्गात शिकवायचो.

आता साक्षरतेचं. 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल 2005पासून निघतो. त्यात मुलाला अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट यांतलं काय वाचता येतं ते बघतात. ही गोष्ट वाचताना सहावी-सातवीतली मुलंही अडतात, हे वाचून शहरातली माणसं हळहळतात. मी हळहळत नाही, कारण मला ती मुलं रोज समोर दिसतात आणि भलतंच वाचताना दिसतात. आमच्या सातवीतला मागच्या बाकावरचा एक गडी पुस्तकातली ओळ बोट ठेवून, दम घेत वाचतो. तोच गडी ट्रॉलीच्या मागे लिहिलेली शायरी ट्रॅक्टर वळण घेण्याच्या आत वाचतो. लग्नपत्रिका वरपासून खालपर्यंत वाचून कुणाचं नाव कुठल्या क्रमाने पडलं आणि त्यावरून कुणाचं भांडण होणार हे सांगतो. वाचायला काही कारण असलं की तो वाचतो. "खालील उतारा वाचा" हे त्याला कारण वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कधी वाटलं नाही.

कवितेचं तर विचारूच नका. "कवीला काय सांगायचे आहे?" या प्रश्नाचं उत्तर आमच्या मुलांनी कायमचं ठरवून टाकलं आहे: झाडांचे महत्त्व. कविता आईवर असो, सैनिकावर असो, कवीला झाडांचेच महत्त्व सांगायचे असते. गुण मिळतात. क्वचित हुशार मुलगी असेल तर ती "झाडांचे व पाण्याचे" लिहिते.

तरी कविता त्यांच्या अंगात असते, हे मला भुजंगप्रयात वृत्ताने कळवलं. त्याच वृत्तातले मनाचे श्लोक वर्गात म्हणत होतो. 'यमाताराजभानसलगं' या सूत्रातला 'य' गण, म्हणजे लघु-गुरू-गुरू, असे चार गण एका चरणात. मी फळ्यावर खुणा करत होते आणि वर्ग जांभया देत होता. ज्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवतात तो मुलगा बाकावर ठेका धरू लागला, थांबला, पुन्हा धरला. मग अगदी धंद्याच्या सुरात म्हणाला, "मॅडम, ह्यावर वरात नाचणार नाही. एक पाय उरतो." मी बोटं मोजली. एक आणि दोन आणि दोन. पाच मात्रा! गणितात ज्याला पाढा येत नाही त्याने समर्थांची पाचाची मोड पायाने मोजली होती. त्याला मी समजावलं की रामदासांच्या डोळ्यांपुढे वरात नसावी. "तरी पण," तो म्हणाला, आणि त्याचा समर्थांविषयीचा आदर थोडा कमी झालेला मला स्पष्ट दिसला.

खरी मजा आली ती मी माझा फोन वर्गात नेला तेव्हा. त्यात माइकचं चित्र असलेलं एक बटण आहे: ते दाबून बोललं की आपोआप अक्षरं उमटतात. माझा हेतू साधा होता. ज्यांना लिहायचा कंटाळा येतो त्यांनी कविता बोलावी, फोनने लिहावी, आणि चार वाजेपर्यंत 'डिजिटल उपक्रम' म्हणून फोटो पाठवून मी मोकळं व्हावं. विषय दिला पाऊस.

पहिली मुलगी उठली. फोन तोंडाशी धरून म्हणाली, "मनी माय वावरमा गयी." म्हणजे माझी आई शेतात गेली. फोनवर उमटलं: 'मनी माझ्या वर मागे गाई.'

वर्ग गप्प. मग तिने पुढची ओळ सांगितली, "पानी उना." पाऊस आला. फोनने लिहिलं: 'पाणी उणे.'

"मॅडम," ती ओरडली, "ह्याने पाऊस परत पाठवला!"

कापूस लावून आभाळाकडे बघत बसणाऱ्या घरातली ती पोर. आलेला पाऊस कुणी कमी करून दाखवला तर ती ऐकून कशी घेणार? तिने माझ्या हातातला खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'पानी उना'. खाली तीच ओळ मराठीत लिहिली. फोनला दाखवलीसुद्धा, जणू तो मान हलवणार होता. मग रांगच लागली. अहिराणीत 'ळ' बहुतेक ठिकाणी 'य' होतो, डोळ्याचा डोया होतो. 'डोयामा' म्हटल्यावर फोनने 'डोसा मागवा' लिहिलं. तेवढ्यात खिडकीबाहेरून भंगारवाल्याची गाडी गेली आणि तिच्या कर्ण्याचा आवाजही यंत्राने प्रामाणिकपणे टिपला. कवितेची तिसरी ओळ झाली, 'पाणी उणे जुनी बॅटरी द्या'. मागच्या बाकावरचा तो शायरीवाला गडी पुढे आला, फोनकडे बघून कीव आल्यासारखा हसला आणि म्हणाला, "याले काहीच येत नही, मॅडम."

त्या क्षणी आमच्या वर्गात एक नवा विद्यार्थी दाखल झाला आणि तो सगळ्यात ढ होता. बाकीच्या सगळ्यांची एक जागा वर सरकली. ज्या मुलाला आजवर सगळ्यांनी सुधारलं त्याला आता सुधारायला कुणीतरी मिळालं होतं, आणि हे सुख काय असतं ते आम्हा शिक्षकांइतकं कुणाला ठाऊक असणार! वहीला दोन रकाने पडले: 'आपण बोललो' आणि 'ह्याने ऐकलं'. चूक पकडायची तर वाचावं लागतं, आणि सावकाश वाचावं लागतं. बोट ठेवून वाचणारा गडी आता बोट ठेवूनच वाचत होता, पण पोलिसाने ठेवावं तसं. ऱ्हस्व-दीर्घावर हाणामारी झाली. 'पाणी' आणि 'पानी' यांतलं बरोबर काय, यावर वर्गात दोन तट पडले आणि ते मिटवायला मी गेले नाही.

प्रशिक्षणात आम्हाला शिकवतात की तंत्रज्ञान हा मुलाचा मार्गदर्शक. माझा अनुभव उलटा आहे. मार्गदर्शकांची मुलांना टंचाई नाही. घरी आहेत, शाळेत आहेत, पारावर तर ढिगाने आहेत. त्यांना मिळत नाही तो विद्यार्थी. फोन शहाणा असता तर त्या दिवशी कुणी एक अक्षरही लिहिलं नसतं.

गणिताच्या सरांनी फळ्यावरच्या चुकलेल्या ओळी बघितल्या. "नवकविता दिसते. मला कळली नाही, म्हणजे चांगली असणार," असं म्हणून ते पुढच्या तासाला गेले.

आमच्याच जिल्ह्यात, आसोद्याला, 1880 साली बहिणाबाई जन्मल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या ओव्या रचत आणि मुलगा सोपानदेव व घरातली मंडळी उतरवून घेत. 1951 साली त्या गेल्या, आणि 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या कवितांचं पुस्तक आलं. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पुढच्या बाकावरून लगेच शंका आली: "सोपानदेवांऐवजी हा असता तर?" मुलांनी कल्पना केली आणि ती मराठी साहित्याच्या इतिहासावर दोन मिनिटं खदखदून हसली. बोलणाऱ्याची बोली कळणारा माणूस लेखणी घेऊन शेजारी बसलेला असणं ही केवढी सोय आहे, हे त्यांना माझ्या व्याख्यानाशिवाय समजलं.

हल्ली फोनमध्ये कविता करून देणारी यंत्रंही आली आहेत. मुलांनी तीही आजमावली. 'पावसावर कविता कर' म्हटल्यावर डोळ्याचं पातं लवायच्या आत सोळा ओळी, सगळ्या यमकात. धरतीने हिरवा शालू नेसला होता, मोर थुईथुई नाचत होते, बळीराजा सुखावला होता. मुलांनी तपासणी सुरू केली. मोर कुणी पाहिलाय? कुणीच नाही. पाऊस पडला की आपल्याकडे काय होतं? "ट्रान्सफॉर्मर उडतो," एकमुखाने. बळीराजा सुखावतो का? "बोंडं भिजली तर बाप शिव्या देतो." आणि शालूची धुलाई झाल्यावर निकाल आला: "मॅडम, हे तर गाइडनेच लिहिलंय." मी पुष्कळ समीक्षा वाचली आहे. इतकी नेमकी कमी वाचली.

मुख्याध्यापकांना यातलं 'डिजिटल' तेवढं आवडलं. त्यांनी फर्मान काढलं की मुलांच्या कवितांचं 'ई-हस्तलिखित' काढायचं. हाताने न लिहिता हस्तलिखित कसं काढतात, हे विचारायचा माझा हुद्दा नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी 1924 ते 1930 शिकवत होते. तिथल्या छात्रालयात ते मुलांसाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढत. त्यांना मजकूर अपलोड करून पोचपावतीचा स्क्रीनशॉट पाठवावा लागत नव्हता, हा फरक सोडला तर काम तेच. आम्ही मधला मार्ग काढला. मुलांनी कविता कागदावर लिहिल्या, शेजारी फोनने ऐकलेली आवृत्ती लिहिली, चित्रं काढली आणि मी पानांचे फोटो घेतले. डोशाचं चित्र सगळ्यांनी काढलं.

अंक बघायला केंद्रप्रमुख आले. टीव्हीची खोळ निघाली. पडद्यावर पानं उलटत होती, प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात लालसर डाग. साहेबांनी शेरेबुकात 'उपक्रम स्तुत्य' लिहिलं आणि जाताना आठवण केली की अप्रगत विद्यार्थ्यांची लिंक आजच बंद होतेय; ज्यांना वाचता-लिहिता येत नाही त्यांची नावं टाका, त्यांना उपचारात्मक वर्ग लावायचे आहेत.

मुख्याध्यापक संगणकापाशी बसले. मी वर्गात येऊन यादी विचारू लागले तर सातवीने एका आवाजात एकच नाव सुचवलं. वरून पुरावे म्हणून वह्याही पुढे केल्या, दोन रकान्यांच्या. त्याला रोज मधल्या सुट्टीनंतर अर्धा तास शिकवायची जबाबदारी मागच्या बाकावरच्या गड्याने स्वतःहून घेतली. मी तसंच जाऊन सरांना सांगितलं. सर कामात होते. मान वर न करता त्यांनी रकाना वाचला.

"आधार आहे का?"

दारातून उत्तर आलं, "नाही सर, चार्जर आहे."