सातबारा बघितला का?

जोफ्रा आर्चरला मुंबई इंडियन्सनं ८ कोटींना घेतलं ते फेब्रुवारी २०२२ मध्ये. लिलाव रविवारी संपला आणि सोमवारी सकाळी कर्जत लोकलच्या आमच्या डब्यात मालकांनी पहिला प्रश्न टाकला, "सातबारा बघितला होता का कुणी?"

कोणी काही बोललं नाही. भिवपुरी गेलं होतं, नेरळ यायचं होतं आणि निम्मा डबा अजून झोपेत होता.

"इतर हक्कात बोजा आहे स्पष्ट. कोपर दुखावलंय, यंदाचा हंगाम खेळणार नाही, हे अख्ख्या गावाला माहीत. म्हणजे पैसे आज मोजायचे आणि ताबा पुढच्या वर्षी! आपल्या कर्जतात शेंबडं पोर तरी करेल का असा व्यवहार?"

पुढच्या वर्षी आर्चर आला, मोजके सामने खेळला आणि दुखापत घेऊन मायदेशी गेला. तेव्हापासून मालकांना आवरणं कठीण झालं.

हे मालक मुंबई इंडियन्सचे नव्हेत हे सांगायला नकोच. त्यांच्या मालकीची ठळक वस्तू म्हणजे सेकंड क्लासचा त्रैमासिक पास. तरी बोलताना "आपल्या पर्समध्ये", "आपण त्याला सोडला", "आपल्याला डावखुरा हवाय" असं इतक्या सहज येतं, की नवीन माणूस बावरून त्यांना बसायला जागा देतो. खोपोलीच्या एका कारखान्यात ते आधी कामाला होते. तो बंद पडल्यावर फोर्टातल्या एका ऑफिसात लागले. सोमवार ते शुक्रवार तिथे फायली आणि शनिवार-रविवार पार्ट्यांना जमिनी दाखवणं. यात विशेष काही नाही. कर्जत-खालापुरात केस कापणारा, रिक्षा चालवणारा, सत्यनारायण सांगणारा, सगळेच हे करतात. दाढीला साबण लावून झाला की न्हावी हळूच विचारतो, "एक एकर आहे, रिव्हर टच. बघता का?"

मालकांचं वेगळेपण एवढंच, की त्यांनी ती अख्खी विद्या क्रिकेटला लावली. षटकाराला टाळी वाजवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. सामना त्यांच्या लेखी किरकोळ बाब. त्यांचा खरा हंगाम नोव्हेंबरात, ट्रेडची खिडकी उघडी असते तेव्हा. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, कुणाच्या बदल्यात कोण आणि वर रोख किती, यावर ते कर्जत ते मशीद बंदर बोलू शकतात. सँडहर्स्ट रोडला उतरावं लागणाऱ्यांना निकाल संध्याकाळच्या गाडीत कळतो.

हार्दिक पांड्याचं प्रकरण तर आम्हाला तोंडपाठ आहे. "२०१५ साली आपण १० लाखांना घेतलेली जागा. माळरान होतं. आपण मशागत केली. आणि २०२१ ला सोडून दिली! गुजरातवाल्यानं घेतली, २०२२ ला पहिल्याच वर्षी तिथे बंगला उभा. ट्रॉफी! मग आपले डोळे उघडले. नोव्हेंबर २०२३ ला तीच जागा १५ कोटींना परत. वरचे किती दिले ते कागदावर नाही."

"वरचे म्हणजे?"

"भाऊ, तुम्ही कर्जतला राहता ना?"

त्या व्यवहारासाठी कॅमेरून ग्रीन १७.५ कोटींना बंगळुरूला दिला, ते मालकांना पटलं होतं. एक प्लॉट मोकळा करून दुसऱ्याची रक्कम उभी करणं याला ते 'रोटेशन' म्हणतात आणि म्हणताना हाताची बोटं फिरवतात. त्यांचं पोट दुखलं ते १५ डिसेंबरला, रोहित शर्माच्या जागी हार्दिकला कप्तान केल्याचं जाहीर झालं तेव्हा. "फेरफार मारला! पाच ट्रॉफ्यांची वहिवाट आहे माणसाची. वहिवाटदाराला नोटीस नको? हरकतीला पंधरा दिवस नकोत? तलाठीसुद्धा एवढं करत नाही!" २०२४ च्या हंगामात वानखेडेवर हार्दिकची हुर्यो उडाली, संघ तळाला दहावा राहिला, आणि मालक समाधानानं म्हणाले, "हरकत नोंदवली लोकांनी."

सगळे खेळाडू असे त्यांनी सातबाऱ्यावर चढवून ठेवले आहेत. फलंदाजी उत्तम पण क्षेत्ररक्षण गचाळ, तर "पोटखराबा फार". परदेशी खेळाडू "वर्ग दोनची जमीन"; त्यांच्या बोर्डानं ना-हरकत दिली नाही तर कलेक्टरचीही परवानगी उपयोगाची नाही. झहीर खान आणि रॉबिन उथप्पा यांची २००९ साली मुंबई-बंगळुरूत झालेली देवाणघेवाण हा त्यांच्या मते आजवरचा सर्वांत स्वच्छ दस्त. रवींद्र जडेजावर २०१० चा हंगाम बंदी आली होती, कारण राजस्थानशी करार असताना तो दुसरीकडे बोलणी करत होता. "एकाशी साठेखत आणि दुसऱ्याकडून टोकन! हे आपल्याकडे रोज चालतं, पण बंदी कुणावर आली का?" तोच जडेजा नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसनच्या बदल्यात, सोबत सॅम करनला घेऊन चेन्नईहून राजस्थानला गेला. मालक गहिवरले. "जमीन शेवटी मूळ खातेदाराकडे जाते, भाऊ. वेळ लागतो."

त्याच नोव्हेंबरात शार्दूल ठाकूर २ कोटींना मुंबईकडे आला. डब्यानं हा ठराव एकमतानं मंजूर केला. पालघरहून किट घेऊन लोकलनं प्रवास केलेला माणूस आहे; त्याची लाइन वेस्टर्न, हा दोष आम्ही पोटात घातला. अर्जुन तेंडुलकर ३० लाखांना लखनौला गेला, तेव्हा मात्र मालकांनी सातबाऱ्याऐवजी वारसनोंदीचा विषय काढला आणि बदलापूर येईपर्यंत सोडला नाही.

सर्वांत आवडता त्यांचा आरटीएम. लिलावात तुमच्या जुन्या खेळाडूवर दुसऱ्यानं शेवटची बोली लावली, तर तेवढेच पैसे मोजून तो परत घ्यायचा हक्क. "कुळाचा पहिला हक्क," मालक आदरानं सांगतात. २०२४ च्या जेद्दाहच्या लिलावात नियम बदलला: हक्क वापरला तरी वरच्या बोलीवाल्याला एकदा रक्कम वाढवायची मुभा. ऋषभ पंत २७ कोटींना गेला त्या रात्री लोक त्या आकड्यानं वेडे झाले होते. मालक मात्र मुंबईनं नमन धीरला ५ कोटी २५ लाखांना आरटीएमनं राखलं यावर खूश होते. त्यांना स्वस्तातलं आणि परत मिळालेलं आवडतं. डिसेंबर २०२५ मध्ये अबूधाबीला जाताना आपल्या पर्समध्ये, म्हणजे त्यांच्या, म्हणजे मुंबईच्या पर्समध्ये जेमतेम पावणेतीन कोटी होते. त्यातून क्विंटन डी कॉक १ कोटीला घरी आला, आणि मालकांनी कर्जत स्टेशनावर डब्याला दिवाडकरांचे वडे खिलवले. वड्यांचे पैसे ज्यांनी दिले त्यांना ते अजून 'रोटेशन'मध्ये आहेत असं सांगितलं जातं.

हल्ली गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांतही लिलाव होतात. मांडव, पडदा, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण. पैशांऐवजी पॉइंट असतात आणि संघमालक बहुधा जमिनीतलेच. अशा लिलावात मालक सल्लागार म्हणून पुढच्या खुर्चीत. एकदा एका फास्ट बोलरवर तिघांची चढाओढ लागली, तर यांनी माइक मागून घेतला. "पोरगा रसायनीला कंपनीत आहे. रविवारी सेकंड शिफ्ट. सुपरवायझरची एनओसी जोडली आहे का?" बोली तिथेच बसली. पोरगा मांडवातच उभा होता. त्यानं मालकांकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसं मीही रोज सकाळी ठाण्यापर्यंत पाहत असतो.

मग मालकांचा अमेरिकेतला भाचा या प्रकरणात शिरला. तो न्यू जर्सीत एडिसनला असतो आणि तिथल्या बेसबॉलमध्ये मेट्स संघाच्या नादी लागलाय. डिसेंबर २०२४ मध्ये मेट्सनं वान सोटो नावाच्या खेळाडूशी १५ वर्षांचा करार केला, ७६ कोटी ५० लाख डॉलरचा. मालकांनी फोन कानापासून लांब धरला. "पंधरा वर्षं? अरे, लीव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचं करावं!" भाच्यानं मग बॉबी बोनिया सांगितला. मेट्सना त्याचे ५९ लाख डॉलर द्यायचे होते. त्याऐवजी ८ टक्के व्याजानं हप्ते ठरले. २००१ नंतर तो खेळलेला नाही, तरी २०११ पासून दर १ जुलैला त्याला सुमारे ११.९ लाख डॉलर मिळतात आणि २०३५ पर्यंत मिळत राहतील. महिनाभर डब्यात दुसरा विषय नव्हता. "आठ टक्के! कुठली पतपेढी म्हणायची ही?"

तिसऱ्या फोनला भाच्यानं कर्ट फ्लड सांगितला. सेंट लुईससाठी बारा हंगाम खेळलेल्या या माणसाला १९६९ मध्ये संघानं न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तेव्हा तिथे करार संपला तरी खेळाडू संघाचाच राहायचा. फ्लडनं लिहून कळवलं की मी विकायची मालमत्ता नव्हे, आणि कोर्टात गेला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात हरला. खेळ तोवर संपलेलाच होता. आणि १९७५ च्या अखेरीस एका लवादानं ती प्रथा मोडली. आज सोटो ज्या मोकळेपणानं बाजारात उभा राहतो, तो फ्लडच्या वाट्याला आला नाही.

हे सगळं मालकांनी आम्हाला सांगितलं आणि प्रथमच एका खेळाडूचा सातबारा मागितला नाही. म्हणाले, "कूळ होता तो."

मग वांगणी ते अंबरनाथ ते चरीच्या संपाबद्दल बोलले. आपल्याच जिल्ह्यात, अलिबागेजवळ, १९३३ ते १९३९ शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसली नाही. नारायण नागू पाटील पुढे होते, बाबासाहेब आंबेडकर पाठीशी. "नांगर घरात ठेवून पोरं उपाशी ठेवली त्यांनी. आणि कुळकायद्यानं कसणारा मालक ठरला कधी? १ एप्रिल १९५७. कृषक दिन. आमच्या आजाला त्या कायद्यानं चार एकर मिळाले."

"मग?"

"मग काय, बापानं रिलीज केले. फार्महाऊसवाल्याला."

कसेल त्याची जमीन झाली आणि दोन पिढ्यांत दिसेल त्याची झाली. कर्जतच्या बाजूनं फिरा, कंपाउंडच्या भिंतींवर काचा लावलेल्या दिसतील. आत लॉन, बाहेर ज्याच्या आज्याची ती खाचरं होती तो वॉचमन. कितीतरी दस्तांवर आमच्या मालकांची साक्षीदार म्हणून सही आहे. जन्मभर टेबलाच्या या बाजूला उभं राहून सही करणाऱ्या माणसाला रोज दीड-दोन तास पलीकडच्या खुर्चीत बसून बुमराला ठेवायचं की सोडायचं हे ठरवावंसं वाटतं, तर त्यात रागावण्यासारखं काय आहे, हे मी स्वतःला वारंवार समजावतो. शार्दूलच्या वेळी समजावलं होतं. पुन्हा वारसनोंद निघाली आणि समजूत उतरली.

बापानं विकताना एक तुकडा राहिला होता. पळसदरीच्या पुढे, चढावर, वरकस, दहा-बारा गुंठे. मालक तो ठेवण्याचं कारण रोकडं सांगतात: "सगळं विकलं तर शेतकरी असल्याचा दाखला मिळवताना नाकी नऊ येतात." पण दाखल्याला नमुना सातवरचं नाव पुरतं. हे गृहस्थ दर पावसाळ्यात रजा काढून तिथे नाचणी लावतात, नमुना बारावर 'पड' लागू नये म्हणून. नाचणीपेक्षा मजुरी जास्त पडते. पीक उभं राहिलं की ई-पीक पाहणीच्या ॲपवर स्वतः फोटो चढवतात आणि तोच फोटो डब्यात सगळ्यांना दाखवतात. बुमराच्या यॉर्करचा व्हिडिओ त्यांनी आम्हाला कधी दाखवलेला नाही.

मागच्या महिन्यात शेजारच्या फार्महाऊसवाल्याची मागणी आली. त्याला रस्ता हवा होता. आकडा चांगला होता. डब्याला सूड उगवायची अशी संधी कधी मिळाली नव्हती.

"मालक, रिलीज करा. वय झालंय त्याचं."

"पोटखराबा आहे नुसता. फॉर्ममध्येच नाही."

"रोटेशन, मालक, रोटेशन!" आणि बोटं फिरली.

भिवपुरीच्या मास्तरांनी लिलाव पुकारला. नेरळला पन्नास लाख होते, वांगणीला पाच कोटी झाले. बदलापूरला चढलेल्या अनोळखी माणसानंही कशाची बोली आहे हे न विचारता दहा म्हटलं. उल्हासनगर सुटताना कल्याणला उतरणाऱ्या एका पोरानं पंतचा आकडा गाठला. सत्तावीस कोटी एक वेळ, सत्तावीस कोटी दोन वेळ.

मालक चौथ्या सीटवर अर्धे टेकले होते. त्यांनी हात वर केला.

"आरटीएम."

डब्यात हशा पिकला. मास्तरांनी नियमाला धरून पोराकडे पाहिलं; नव्या नियमानं त्याला एकदा बोली वाढवता येत होती. पोरानं बॅग काढली, खिसा चाचपला आणि म्हणाला, "नको, मास्तर. कल्याण आलं, उतरू द्या."